एकशे अठरा गुण

महाडच्या बाजारपेठेत, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत विनोदिनी वैद्य खासगी तपासाची कामं घेत असे. मदतीला थोरले भाऊ शरच्चंद्र, निवृत्त पोस्टमास्तर. सोमवारी दुपारी तिथे एक शिक्षिका आली आणि खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागली.

"मी माहरुख पेवेकर. सात वर्षं शिकवतेय. आता म्हणतात, माझं शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र बोगस आहे. सात दिवसांत खुलासा, नाहीतर नोकरी जाणार आणि वर पोलिसांत गुन्हा."

विनोदिनीने नोटीस वाचली. शासनाने सगळ्या शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला मागवली होती. 'माहरुख अकिब पेवेकर, परीक्षा जुलै २०१७, गुण ११८. या नावाची नोंद नाही. आसन क्रमांक अन्य उमेदवाराचा.'

"एकशे अठरा?" विनोदिनीने विचारलं.

"तेच तर! मला एक्क्याण्णव होते. नव्वदला पास. एका गुणाने वाचले होते मी."

"मग तुम्ही दिलेलं प्रमाणपत्र हे नव्हेच. झेरॉक्स?"

"एकवीस सालच्या पुरात गेली. शाळेच्या जुन्या फायलीही गेल्या. मूळ तेवढं माळ्यावर होतं. ते मी पाकिटात घालून, चिकटवून ऑफिसात दिलं."

ती गेल्यावर शरच्चंद्र म्हणाले, "विनू, हा कुणाचा तरी डाव आहे. पोरीला घालवायचंय."

"बघू या, दादा."

शाळेचे कारकून रावजी पहिल्या प्रश्नालाच हळवे झाले. "बाईंचं पाकीट मी फोडलाच नाय. जसाच्या तसा आमोद सरांच्या टेबलावर ठेवला. पुरानंतर सगळ्यांची सेवापुस्तकं मीच परत लिवली. बाईंचं लग्नानंतरचं नाव, गॅझेटची नोंद, समदं माझ्या हातचं हाय."

"आमोद सर कधीपासून आहेत?"

"मुख्याध्यापक म्हणून हितं येऊन दोन वर्सं झाली. माणूस देव हाय."

सरिताबाई सहावीच्या वर्गातून बाहेर आल्या त्या रागानेच. शाळेत एक शिक्षक जास्त ठरत होता. माहरुख गेली तर सरिताची जागा वाचणार, नाहीतर तिची बदली ठरलेली.

"सगळे माझ्याकडेच बघतायत," त्या म्हणाल्या. "परीक्षेला आम्ही एका बाकावर अभ्यास करून गेलो. वीस साली डिसेंबरात तिच्या लग्नात मी तिच्या आईच्या शेजारी बसले होते. मी असं करीन?"

"तुमचं प्रमाणपत्र?"

"तिने दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलं, सरांच्या हातात. ते बरोबर निघालं."

शरच्चंद्रांनी बहिणीकडे अर्थपूर्ण पाहिलं. तिने लक्ष दिलं नाही.

आमोद सर रजेवर होते, म्हणून दोघं पोलादपूरला त्यांच्या घरी गेले. सर चहा करायला आत वळले. घर नीटनेटकं, पण चमत्कारिक. वर्तमानपत्रं कपाटाच्या माथ्यावर, वह्या त्याहून वर, दिनदर्शिका दाराच्या चौकटीवर ठोकलेली. मागच्या पडवीत त्यांच्या आई, जानकीबाई, पाणी तापवायच्या बंबापाशी बसल्या होत्या. शरच्चंद्रांच्या हातातलं एसटीचं तिकीट त्यांनी अलगद काढून घेतलं.

"आण रे बाला. पाणी तापत नाय." तिकीट बंबात गेलं.

"आई हल्ली विसरते," सर घाईघाईने बाहेर येत म्हणाले. "पाकिटं मी याद्या करायला घरी आणली होती. मग जशीच्या तशी अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवली."

परतीच्या एसटीत शरच्चंद्र म्हणाले, "सरिताच. दुसरं कोण?"

"दादा, वैरी माणूस सत्तावीस गुण वाढवून देईल?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत माहरुख, सरिता, रावजी आणि सर बसले. विनोदिनी सावकाश बोलू लागली.

"ज्याने हे बनवलं त्याला माहरुखबाईंचं वाईट करायचं नव्हतं. भरघोस गुण दिले, म्हणजे कुणी शंका घेणार नाही अशी त्याची समजूत. त्याने मूळ प्रमाणपत्र कधी पाहिलंच नव्हतं, नाहीतर गुण तरी बरोबर लिहिले असते."

"मग पाकीट?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"न उघडताच नाहीसं झालं. आता नाव बघा. परीक्षा सतरा सालची, लग्न वीस सालचं. मूळ कागदावर वडिलांचं नाव असणार: माहरुख जलील करबेलकर. बनावट कागदावर नवऱ्याचं आलं. सरिताबाईंना ही चूक झाली नसती, त्या तिला लग्नाआधीपासून ओळखतात. रावजींना झाली नसती, नाव बदलल्याची नोंद त्यांचीच. या शाळेत तिला फक्त पेवेकर म्हणून ओळखणारा, आणि पाकीट घरी नेलेला माणूस एकच आहे. त्याच्या घरात कागद कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून छताजवळ ठेवतात."



आमोद सरांनी चष्मा काढला. "मी अंघोळीहून आलो तेव्हा पाकिटाचा कोपरा तेवढा उरला होता. आईने जाळलं, असं चारचौघांत सांगायला जीभ रेटेना. लोक तिला वेडी म्हणतील... सरिताबाईंचं प्रमाणपत्र समोर ठेवून दुसरं तयार केलं. वाटलं, शिक्का मारून परत येईल."

"सर," माहरुख उठून म्हणाली, "एक शब्द बोलला असतात तर मी पुण्याच्या परीक्षा परिषदेतून दुसरी प्रत आणली असती. अर्जाचं काम होतं! इतके दिवस मी घरात चोरासारखी वावरले. माझ्या सासूने विचारलं, खरंच पास झाली होतीस ना?"

सरांनी तिथेच कबुलीजबाब लिहिला आणि स्वतः अलिबागला नेऊन दिला. जुन्या नावाने शोधल्यावर परीक्षा परिषदेत नोंद लगेच सापडली: एक्क्याण्णव. नोटीस मागे घेतली गेली. सरिताची बदली मात्र व्हायची ती झालीच.

सरांच्या चौकशीत अधिकाऱ्यांनी माहरुखला विचारलं, "तुमची तक्रार आहे?"

"आहे. लेखी घ्या. माझ्या आयुष्याचा कागद होता, आणि मला विचारलं नाही."

"काय शिक्षा व्हावी?"



"मुख्याध्यापक नकोत ते," ती म्हणाली. "पण वर्गावर राहू द्या. सातवीचं गणित त्यांच्यासारखं कुणाला येत नाही. आणि शाळा दुपारच्या पाळीची द्या. सकाळी त्यांच्या आईजवळ कुणीतरी लागतं."