चौथी खिडकी

काम साधंच होतं. मी ज्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्या काकूंना काकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी एका डिस्कवर हव्या होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. "रिमोट दाबला की मला कळेल असं कर बाई, नाहीतर मी भलतंच लावून बसायची," त्या म्हणाल्या.

मी समोरच्या फुटपाथवरून संध्याकाळी घराचा फोटो काढला आणि डिस्क लावल्यावर पडद्यावर येणारा मेनू त्याचाच केला. खालच्या तीन खिडक्या म्हणजे तीन बटणं : लग्न, सहल, वाढदिवस. प्रत्येकीवर पिवळ्या उजेडाचा वेगळा लेयर, म्हणजे फोटोवर चढवलेला थर. रिमोटने जिच्यावर जाल, तिथे दिवा लागणार. माझी वरची खिडकी अंधारीच ठेवली. तिथे माझी वाट बघणारं आहे कोण? जिन्याशी चपला वाजल्या की काकू तेवढ्या आतून हाक मारतात, "आलीस का गं?" दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच आवाज.

डिस्क लावून आम्ही दोघी सोफ्यावर बसलो. काकूंनी बटण दाबलं. लग्न. सहल. वाढदिवस. पुन्हा दाबलं... आणि वरच्या खिडकीत दिवा लागला.

मी चहा खाली ठेवला. "काकू, तिथे मी काहीच..."

"असू दे की. खरा दिवाही लागतोच ना तिथे रोज, तू यायच्या आधी." त्यांची नजर पडद्यावरच होती. "म्हटलं, आहे कुणीतरी हिचं. बरं वाटायचं हो. एकटी नाही पोरगी."

खोलीची किल्ली एकच आहे. ती माझ्या पर्समध्ये असते.

वर जाऊन मेनूची फाइल उघडली. केले होते तीन लेयर, दिसले चार. चौथा काढून टाकला, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं... होताच. मानेजवळ ओल्या लोकरीसारखा वास येत होता. मागे वळून बघायची छाती झाली नाही. शेवटी तो उजेड माउसने धरला आणि खाली ओढत नेऊन त्या तीन खिडक्यांपैकी काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर सोडला. मापाने शिवल्यासारखा बसला. वास गेला. नवी डिस्क मी काकूंना नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना कोपऱ्यावरूनच वर बघितलं. माझी खिडकी काळी. हुश्श झालं. जिन्याशी चपला मुद्दाम वाजवल्या.

हाक आली नाही.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. काकू पाठमोऱ्या, हळूच हसत होत्या. ओट्यावर दोन कप.

"काकू... मी आलेय."

"हो का." त्या वळल्या नाहीत. "जाताना दार ओढून घे गं. वारा लागतोय. भिजून आलाय ना तो..."

बाहेर पाऊस नव्हता.

मी दार ओढून घेतलं. आता वर फाइल उघडून बसलेय. तो उजेड माउसने धरलाय आणि वर, माझ्या खिडकीकडे ओढतेय... काकूंसाठीच, असं स्वतःला सांगतेय. खाली त्या अजून हसताहेत.

तो हलत नाहीये.