नरहर सबनीसांची मोजणी

मिरजेबाहेरच्या स्वभावरोपण केंद्रात गर्दी असायची ती रागीट माणसांची. आळशी माणसंही नाव नोंदवायची, पण ठरल्या दिवशी यायची नाहीत.

नरहर सबनीस हे रागिटांपैकी. वय एकसष्ट, मोजणी खात्यातून निवृत्त. उद्या सकाळी त्यांच्या मेंदूत नवा, शांत स्वभाव रोवायचा होता, आणि त्यांच्या मापनवहीवरून आज दोन डॉक्टरांची जुंपली होती.

"पहिला भाग बघा," डॉ. इम्तियाज मुकादम म्हणाले. मनोमापक यंत्र त्यांनीच घडवलेलं. "अठ्ठ्याऐंशी पानं! कुणावर ओरडलो, कुणासमोर ताट भिरकावलं, सगळं तारीखवार. आणि दुसरा भाग? माझ्यात राखण्यासारखं काय आहे, माझा जीव कुणावर आहे? एक ओळ नाही."

"आपल्याकडचे पुरुष तो भाग भरतात कुठे?" डॉ. शर्मिष्ठा रेगे म्हणाल्या. "दोष विचारा, धडाधडा सांगतील. वर त्यालाच प्रामाणिकपणा म्हणतील. माया विचारली की खिडकीबाहेर बघतात."

"पण यंत्राला लाजणं कळत नाही, मॅडम. माणूस एखाद्या गोष्टीबद्दल मनापासून बोलतो तेव्हा तिचे चेतामार्ग उजळतात. जे उजळतात त्यांची नोंद होते. पहिल्या भागातले आपण छाटतो, दुसऱ्या भागातले राखतो. ज्यांची नोंदच नाही, ते यंत्र पडीक धरतं. आणि नवा स्वभाव रोवायला जी जागा लागते, ती त्या पडीकातूनच घेतं."

"म्हणजे आठवणी जातात?"

"नावंगावं, नाती, तारखा राहतात. त्यांतली ओढ जाते."

"म्हणूनच साक्षीदाराचा नियम केला ना आपण? बायका येतात, कोरी पानं बघून कपाळावर हात मारतात आणि भरून देतात. ते वाचून दाखवलं की बुवा लाजेनं लाल होतो, पण मार्ग लख्ख उजळतात. काम झालं."

"सबनीसांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या."

"मुलगी आली आहे," रेगे म्हणाल्या.

मुलगी, वैजयंती, धारवाडहून आली होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर नरहररावांनी ताट भिरकावलं, तेव्हाच तिने सांगितलं होतं, "हा राग घरात आहे तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही." आईच्या दिवसांनाही ती शेजाऱ्यांकडे उतरली होती. तिची मुलगी आता तीन वर्षांची होती आणि आजोबांनी नातीला एकदाही पाहिलेलं नव्हतं. हे सगळं चाललं होतं ते त्यासाठीच. राग गेला की लेक घरी येणार होती.

तिने अठ्ठ्याऐंशी पानं वाचली. सगळं खरं होतं. तिला आठवत नव्हते असेही काही प्रसंग त्यांनी लिहिले होते.

"आता हा दुसरा भाग," रेगे म्हणाल्या. "इथे जे येणार नाही, ते उद्यानंतर त्यांच्यात राहील याची हमी नाही. तुम्हाला काही आठवतं?"

आठवत होतं की. ती सांगलीच्या हॉस्टेलवर असताना नरहरराव दर रविवारी गावाहून तीन तास एसटीने डबा घेऊन यायचे. वॉचमनकडे द्यायचे आणि वर न येता परत जायचे. भेटले असते तर पहिल्या मिनिटाला कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघायची. फाटकाबाहेर गेल्यावर ते एकदा मागे वळून वर बघायचे. तीन वर्षांत एकही रविवार चुकला नाही. त्या डब्याबद्दल बापलेकीत आजवर एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

तिने पेन उचललं, आणि जुना संताप उसळला. अखेर ती लेक कुणाची? सगळं आपणच का समजून घ्यायचं? आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून का येऊ नये?

"त्यांना अजून वेळ आहे का?" तिने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

"मग त्यांनी स्वतः भरावं. मला काही लिहायचं नाही." आणि 'नोंद पूर्ण व खरी आहे' या ओळीखाली तिने सही केली.

संध्याकाळी पानं कोरीच होती. सही मात्र होती, आणि सही असली की नियमाप्रमाणे काम पुढे जातं.

बारा दिवसांनी ती आली. नरहरराव बागेतल्या बाकावर बसले होते. चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. दहा वर्षांनी लहान दिसत होते.

"ये, वैजयंती. प्रवास नीट झाला?"

घरात तिला वैजयंती कुणी म्हणत नसे. ती वैजू होती, बाबा फार चिडले तर 'वैजे!' होती. ती शेजारी बसली. म्हणाली, "पहाटे निघाले, बाबा. अजून जेवले नाही."

पूर्वी एवढ्यावर आकाशपाताळ एक झालं असतं. उपाशी प्रवास करतेस, अक्कल गहाण टाकलीस का, इथपासून सुरुवात होऊन शेवटी ते स्वतःच तरातरा जाऊन काहीतरी गरम घेऊन आले असते.

"कँटीन तीनपर्यंत उघडं असतं," नरहरराव सौम्यपणे म्हणाले. "डावीकडून दुसरा दरवाजा."

तिने मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. "छान आहे," ते म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

वैजयंती धावतच रेगेंच्या खोलीत शिरली. "मी भरते दुसरा भाग. आत्ता भरते. तुम्ही वाचून दाखवा त्यांना."

डॉक्टरांनी तोही प्रयत्न केला. नरहररावांना यंत्राखाली बसवलं आणि वैजयंतीने स्वतः वाचलं: डबा, वॉचमन, फाटक, खिडकी. नरहरराव लक्षपूर्वक ऐकत होते. यंत्राचा पडदा काळाच राहिला.

"हो, जात होतो मी रविवारी," ते आठवून म्हणाले. "बराच लांबचा पल्ला होता."

"जिथे ते मार्ग होते तिथे आता त्यांचा शांतपणा उभा आहे," मुकादम खाली बघत म्हणाले. "नोंद असती तर परत आखता आले असते. नोंद नाही."

"पण त्यांनी का नाही सांगितलं?" वैजयंती ओरडली. "तुम्ही विचारलंच नसेल!"

रेगेंनी मापनाच्या शेवटच्या दिवसाचं ध्वनिमुद्रण लावलं. नरहररावांचा जुना, खरखरीत आवाज खोलीत आला.

"मुलीबद्दल सांगा म्हणता? अहो डॉक्टरीणबाई, तीस वर्षं जमिनी मोजल्या मी. आपली हद्द आपण दाखवायची नसते. मालक काय, चार हात पुढेच दाखवणार! लगतच्या शेतकऱ्याने खूण दाखवली, की ती हद्द खरी. माझी वैजू येतेय ना उद्या सहीला? तिला विचारा. माझं जे काय बरं असेल ते तिने पाहिलंय. मी सांगितलं तर मखलाशी वाटेल तिला. ती लिहील. कोरं सोडा तिच्यासाठी."

मुद्रण संपलं. "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, थांबायला हवं होतं," रेगे म्हणाल्या. "सही बघितली आणि थांबले नाही."

वैजयंती यंत्राच्या खोलीत परत गेली. नरहरराव अजून खुर्चीत होते. ती त्यांच्या पायाशी बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. तुम्ही माझ्यासाठी जागा सोडली होती, मी मुद्दाम लिहिलं नाही, मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तुमचं सगळं गेलं, माझ्यामुळे गेलं.

"ओरडा ना माझ्यावर, बाबा," ती म्हणाली. "एकदा तरी ओरडा."

नरहररावांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिचा हात गुडघ्यावरून हलकेच बाजूला केला, उठले आणि दाराशी गेले.

"सिस्टर," त्यांनी शांतपणे हाक मारली, "इथे एक बाई फार रडताहेत. त्यांना जरा पाणी आणून देता का?"