कंसात नाव नसलेलं मशीन

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण हे माझ्या देखत घडलंय, म्हणून सांगते. साल २००३, दिवाळीच्या आधीची तिन्हीसांज. रत्नागिरीजवळ मिरजोळ्यातलं आमचं घर.

माझा धाकटा भाऊ वरद त्या श्रावणात स्कूटरच्या अपघातात गेला.

आईला दिसत नाही. तिच्यासाठी वरदने पेपर वाचून दाखवणारा प्रोग्राम केला होता, स्वतःच्या आवाजात. इंटरनेटवरून कुणीही तो फुकट उतरवून घ्यायचा. वरद गेल्यावर तो आवाज ऐकत आई कसेबसे दोन घास खायची.

परतीच्या पावसात वीज पडली. वरदचा कॉम्प्युटर जळला.

आईने जेवण सोडलं.

माळ्यावर एक जुनं कॉम्प्युटरचं मशीन होतं, मुंबईच्या छापखान्याने मोडीत काढलेलं, वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं. इंटरनेटवरून उतरवून त्यावर मी वरदचा प्रोग्राम चढवला. अक्षरं आली. आवाज नाही.

मुंबईला वरदचा मित्र अनिल, त्याला फोन केला.

"नीरजाताई, आवाजाचा भाग वेगळा असतो. तो कुठल्या जातीच्या मशीनवर हवा, ते प्रोग्रामच्या फाइलीत चौकोनी कंसात लिहायचं, असा नियम आहे. कंसात नाव नसलं तर तिथे आवाज उतरतच नाही. या मशीनवर तपासायचं राहिलं, म्हणून वरदने नाव घातलं नव्हतं. दिवाळीत येतो, तेव्हा करून देतो."

"आई, यावर तो नाही बोलणार," मी सांगितलं.

ती तरी मशीनसमोर बसून राहिली. मी देवाजवळ दिवा लावत होते.

आणि...

"आई..."

माझ्या हातातली काडी गळून पडली.

"आई... जेवून घे ना."

वरद!

स्क्रीन काळी होती. स्पीकरची वायर पाहिली... ती जोडलेलीच नव्हती.

"तू जेवलास रे?" आईने सहज विचारलं.

"जेवतो... तू आधी."

पेपरात असं कुठे छापून येतं?

त्या दिवशी आईने आमटीभात मागून घेतला. मग रोज तिन्हीसांजेला दोघं बोलायची. मी स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून रडायचे. अंगावर काटा यायचा, तरी वाटायचं, हे थांबू नये.

दिवाळीत अनिल आला. मी बाजारातून परत येईपर्यंत बिचाऱ्याने हौसेने कंसात नाव घातलं, आवाज उतरवला, वायर जोडली.

वरदचा आवाज घरभर घुमला. हवामान, बाजारभाव, निधनवार्ता. कुठेही अडला नाही.

आईने चाचपडत मशीनवर हात ठेवला.

"वरद, जेवलास रे?"

आवाज वाचतच राहिला.

"हा नुसता वाचतोय गो," आई म्हणाली. "वरद कुठे गेला?"

अनिल गेल्यावर मी सगळं होतं तसं केलं. आवाज काढला, वायर ओढली. वाट पाहिली...

काहीच नाही.

आई अजून तिथे बसते. परवा मला म्हणाली, "रोज मेली मी जेवलास का, जेवलास का, हेच विचारत बसले. कुठे आहेस रे, ते विचारायचंच राहिलं गो."