कोरी पाठ

संस्थेत सगळे तिला भुंगेबाई म्हणत. तिलाही ते कधी टोचलं नाही. संस्थेमागच्या माळावर ती प्लास्टिकचे पेले जमिनीत पुरायची, कडा मातीला लागून. भुंगेरे चालता चालता आत पडत. मग प्रत्येकाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ती त्याला सोडून द्यायची. तोच पुन्हा सापडला की शेजारी दुसरा ठिपका. जागा अशी, की त्याचा पाय तिथे पोचू नये.

पुढच्या खेपेला पेल्यांत कोऱ्या पाठीचे जितके जास्त, तितकी माळावरची वस्ती मोठी. साहेबांनी बजावलं होतं, "आकडा दणदणीत आला तर माळ वाचेल. नाहीतर पार्किंग."

आणि नेमका तिथेच घोळ झाला. तिने मूठभर भुंगेरे रंगवले होते. पेले भरभरून आले आणि एकूण एक पाठीवर लाल ठिपका.

"कोणीतरी माझी टिंगल करतंय," घरी येऊन ती करवादली.

थोरली बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. "किड्यांचं पार्लर तू काढलंस. गिऱ्हाईक वाढलं तर रडतेस कशाला?"

तिने पेले दुसऱ्या टोकाला हलवले. बाटली कपाटात कुलपात ठेवली. पुन्हा तेच. गणित सांगत होतं, माळावर तिने रंगवलेल्या मूठभरांखेरीज कोणी नाही. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, ही वस्ती आहे की तुमची पाळीव मंडळी?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने जाता जाता दुकानातून हिरवी बाटली घेतली आणि तडक माळ गाठला.

उन्हात गवत वाळून कुरकुरत होतं. तिने पहिला पेला उचलला.

सगळ्यांच्या पाठीवर हिरवा ठिपका.

बाटली तिच्या मुठीत होती. सील तसंच.

नेलपॉलिशचा ताजा वास आला. तिने एका भुंगेऱ्याला बोट लावलं. बोट हिरवं झालं.

मग ती गुडघ्यांवर बसून दगड उलटत सुटली. गोम, कोळी, मुंग्या. तिला एक कोरी पाठ हवी होती. फक्त एक.

मिळाली नाही.

घरी पोचली तेव्हा कंबर धरली होती. बहिणीने बामची डबी उघडली, तिचा कुडता वर सारला आणि थांबली.

"आता स्वतःलाही रंगवायला लागलीस?"

"कुठे?"

"पाठीच्या मधोमध. हात तरी कसा पोचला गं तुझा?"

तिने हात मागे नेला. वरून, मग खालून. पोचला नाही.

"पूस तो, ताई. आधी पूस."

बहीण पदराने घासत राहिली. "यातला जुना नाही निघायचा. तो तर तुझा तीळ. तान्ही होतीस तेव्हापासून आंघोळ घालताना बघतेय मी."

तिने आपलं हिरवं बोट उजेडात धरलं.

"पण त्याच्या शेजारचा हा दुसरा... ओला आहे अजून."