चाकामागचा दगड

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात. त्यामुळं ब्राह्मीला जीप शिकवायची वेळ आपोआपच ठरली. साडेपाचला ताटं उचलायची आणि सहाला निपाणीबाहेरच्या मळ्याच्या रस्त्यावर निघायचं. जानेवारी महिना होता. दोन्ही बाजूंना कापलेला तंबाखू वाळत पसरलेला असायचा, आणि ऊन उतरलं की त्याचा कडवट वास रस्त्यावर येऊन बसायचा.

ब्राह्मी माझ्या काकांची मुलगी. डिसेंबरात तिला अठरा पूर्ण झाली आणि पुढच्याच आठवड्यात मी तिचं शिकाऊ लायसन्स काढून आणलं. काका म्हणाले, "स्कूटी हाय की तिला, त्रिशला." मी म्हणाले, "स्कूटीवर माणूस एकटा जातो, काका. चार चाकं आली की दुसऱ्यालाही घेऊन जाता येतं." अशी वाक्यं मला तेव्हा पटकन सुचायची. बेळगावात राहून समाजकार्याचं एम.ए. केलं होतं. जग बदलायला उशीर होतोय, असं मला रोज सकाळी वाटायचं.

मळ्याच्या वाटेवर एक चढ आहे. लांब नाही, पण खडा आहे आणि मध्येच वळतो. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन तिथं धापा टाकतात. त्या वळणावर मष्णूमामा बसलेले असायचे. ट्रॅक्टरचा आवाज बदलला की ते उठायचे आणि ट्रॉलीच्या मागच्या चाकाबरोबर चालू लागायचे. हातात काळा तिकोनी दगड. ट्रॅक्टर अडला की दगड चाकामागं जायचा. खट. ड्रायव्हर दम घ्यायचा, पुन्हा गिअर टाकायचा, मामा दगड उचलून पुन्हा बरोबर. कुणी चहा पाजायचं, कुणी उसाची कांडी द्यायचं. त्यांच्या कामाला नाव नव्हतं. 'या माणसाच्या कामाला आपल्या भाषेत नावही नाही,' असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं होतं. त्यांच्या हातांचा फोटोही आहे त्यात.

ब्राह्मीला तो चढ जमत नव्हता. सपाटीवर ती छान चालवायची. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची म्हटली की क्लच भसकन सोडायची, इंजिन बंद. आणि गाडी मागं सरकायच्या आत मामांचा दगड चाकामागं लागलेला असायचा.

"धाकल्या आक्का, सावकाश," मामा खिडकीजवळ येऊन म्हणायचे. "म्या हाय मागं."

ती हसायची. मला ते हसणं आवडायचं नाही.

आठव्या दिवशी मी जीप चढावर थांबवायला लावली आणि मागं वळून म्हणाले, "मामा, तुम्ही बाजूला व्हा. तुमच्या दगडामुळं ही कधीच शिकणार नाही."

"असू द्या की. पोर हाय."

"तेच म्हणते. पोर आहे म्हणून सगळे धरूनच ठेवतात. बाजूला व्हा तुम्ही."

मामा बाजूला झाले. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. ब्राह्मीला म्हणाले, "चल. अर्धा क्लच, ॲक्सिलरेटर, मग ब्रेक सोड."

तिनं पाय उचलला. जीपनं दोन हिसके दिले आणि बंद पडली. मग ती मागं निघाली.

"आक्का... आक्का, जमंना..."

तिचा पाय ब्रेकवर जायला हवा होता. तिनं क्लचच दाबून धरला. आता जे सांगायचं ते हे आहे. हँडब्रेक आम्हा दोघींच्या मध्ये होता आणि माझा हात त्याच्यावरच होता. ओढला असता तर जीप जागच्या जागी थांबली असती. मी ओढला नाही. मला वाटलं, जाऊ दे जरा मागं. एकदा भीती कळली की शिकेल.

दोन श्वास, फार तर तीन.

खट असा आवाज झाला. त्याच्या मागोमाग दुसरा एक, मऊ. आणि जड पोतं उचलताना माणसाच्या तोंडून निघतो तसा हुंकार. जीप थांबली.

माझी मान मागं वळली नाही. मी वळवली नाही.

"आक्का," ब्राह्मी समोरच्या आरशाकडं बघत म्हणाली, "मामा कुठं?"

"गेले असतील घरी. पुढं बघ. स्टार्ट कर."

त्या वेळी तिनं गाडी अगदी बरोबर उचलली. एकही हिसका नाही. मी तिला शाबासकी दिली.

सकाळी मामा डाव्या बाजूच्या चरात सापडले. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीपर्यंत जीव असावा. पोलिसांनी पंचनामा केला, काळा दगड चौकीत जमा केला आणि शेवटचा ऊस घेऊन गेलेल्या नागेंद्र नावाच्या ड्रायव्हरला धरून आणलं. माणूस विजापूरकडचा. चौकीच्या पायरीवर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होता, "नान अल्लरी... नान अल्लरी." मी नाही हो, मी नाही. मी रस्त्याच्या पलीकडून ते ऐकलं आणि घरी येऊन जीप धुतली. माझे वडील, आप्पा, ओसरीवरून म्हणाले, "आज बरी आठवण झाली गं गाडीची?" आम्ही जैन, पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसं. मी पाईपनं मागचं चाक धूत होते आणि पाणी कोणत्या रंगाचं येतंय ते बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मामांच्या बायकोला, राजाबाईंना भेटायला गेले. गेले नसते तर लोकांना नवल वाटलं असतं, म्हणून गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुमच्याच गाडीकडं म्हणून गेलतं त्या दिशी," त्या म्हणाल्या. "चा पण टाकून गेलं. म्हणालं, धाकली आक्का यायची येळ झाली."

मी त्यांचा हात हातात घेतला. सांत्वन कसं करायचं ते आम्हाला शिकवलेलं होतं.

पुढं दहाएक दिवस जीप अंगणातच होती. मग ब्राह्मीच म्हणाली, "आक्का, जाऊया गं. चिकोडीची लायसन्सची टेस्ट जवळ आली." मला वाटलं, पोर टेस्टच्या काळजीत आहे. दुसरा रस्ता घेऊया म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. स्टिअरिंग तिच्या हातात होतं.

चढाच्या वळणावर जीप बंद पडली. माझा हात या वेळी हँडब्रेकवर झडप घालायला गेला, पण त्याआधीच...

खट.

जीप हलली नाही. ब्राह्मीचे दोन्ही पाय मोकळे होते. समोर रस्ता रिकामा, शेतात माणूस नाही. तंबाखूच्या वासात क्लच जळल्याचा वास मिसळलेला. मी खाली उतरले. डाव्या मागच्या चाकाला एक दगड लागला होता. त्यांचा तो काळा दगड चौकीत होता. हा शेतातला होता, मातीनं माखलेला. नीट, घट्ट, सरावाच्या हातानं बसवलेला. मी तो उचलला तर चुलीजवळून उचलल्यासारखा गरम लागला.

"काय हाय गं?" आतून ब्राह्मी.

"काही नाही. रस्त्यातला दगड."

तो मी चरात फेकला. फेकल्यावर आठवलं, कुठल्या चरात.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं तिला हायवेच्या पुलाच्या चढावर नेलं. डांबर, कठडा, खडासुद्धा नाही कुठं. जीप बंद पडली. खट. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या रस्त्याला. खट. प्रत्येक वेळी मी उतरायची, दगड फेकायची, आत येऊन बसायची. मी बसले की ब्राह्मी पुन्हा स्टार्टर मारायची.

आणि ब्राह्मी बदलत होती. तिनं चढावर ब्रेक लावणंच सोडलं. गाडी न्यूट्रलला टाकायची, पाय पोटाशी घेऊन सीटवर बसायची, हाताची घडी. दीड टनाची जीप त्या उतारावर नुसती उभी राहायची.

"ब्राह्मी, ब्रेक!"

"कशाला?"

चार दिवसांत तिला लायसन्स मिळणार होतं. ती एकटी चालवणार होती, बेळगावच्या घाटात, खानापूरच्या जंगलात, मागं बस असताना, शाळेची पोरं असताना. एखाद्या चढावर दगड आला नाही तर? तिला सांगायलाच हवं होतं की त्याच्यावर विसंबू नकोस. ते सांगायचं तर दगड कोण लावतंय, हे सांगावं लागलं असतं. मग मामा का मेले, हेही.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मी तिला वळणावर थांबवलं.

"ब्राह्मी, हे रोज गाडी बंद पडतेय ना..."

"पडत न्हाय," ती म्हणाली. "मी पाडत्ये."

"काय?"

"मुद्दाम पाडत्ये. त्येनी येत्यात का बघाय..."

बाहेर एक टिटवी ओरडत गेली.

"कोण?" मी विचारलं. तेव्हाही मी हेच विचारलं.

"तुला म्हाईत हाय कोण." तिचे डोळे आरशावरून हलत नव्हते. "मला त्या दिवशी दिसलं हुतं, आक्का. वाकल्यालं दिसलं, मग दिसायचं बंद झालं. तुला विचारलं तर तू म्हणालीस, गेलं असतील घरी. मला वाटलं, आक्का म्हणत्या म्हंजे गेलं असतील. सारी रात मी तेच म्हणत पडल्ये. आक्का म्हणत्या, आक्का म्हणत्या..."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिनं खांदा काढून घेतला.

"त्येनी येत्यात म्हंजे आजून मेलं न्हाईत, असं वाटतंय गं मला. म्हणून पाडत्ये."

"आता... दिसतात?"

"न्हाय. हात तेवढं."

मी आरशात बघितलं नाही. माझ्या प्रबंधातला फोटो माझ्या डोळ्यांपुढं होता, तेवढा पुरे होता.

आम्ही तिथूनच चौकीत गेलो. मी सगळं सांगितलं. मामांना बाजूला व्हा म्हणाले, तरी ते आले. हँडब्रेक माझ्या हातात होता, मी मुद्दाम ओढला नाही. हवालदारानं ते वाक्य दोनदा विचारून लिहून घेतलं. नागेंद्रला सोडलं. बाहेर पडताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. जीप तेव्हापासून चौकीच्या आवारात आहे, मी जामिनावर घरी. ब्राह्मीनं टेस्ट दिली नाही.

इथं संपलं असतं तर मी ही हकीकत जरा ताठ मानेनं सांगितली असती.

मागच्या रविवारी आप्पांनी वकील आणले. ते चांगले गृहस्थ आहेत, हळू बोलतात. म्हणाले, "हँडब्रेकचं एवढं एक वाक्य मागं घ्या. घाबरून बोलले म्हणा. मग हा शिकाऊ मुलीच्या हातून झालेला अपघात. ती लहान आहे, कोर्ट समजून घेईल."

"म्हणजे ब्राह्मीवर?" मी म्हणाले.

"वर-खाली काही नसतं हो यात."

आप्पा म्हणाले, "एकच वाक्य हाय, त्रिशला. तुझी नोकरी, तुझं पुढचं सगळं..."

मी नाही म्हणायला हवं होतं. कॉलेजात अशा प्रसंगावर मी अर्धा तास बोलले असते. मी म्हणाले, "बघते."

आमच्या चपला रात्री दाराच्या आत असतात आणि दाराला आतून कडी असते. सोमवारी सकाळी बघितलं तर माझ्या चपला बाहेरच्या दिशेनं तोंड करून जोडीनं ठेवलेल्या. दोन्हींच्या टाचेमागं एकेक खडा, हरभऱ्याएवढा. शेजारी ब्राह्मीच्या चपला होत्या. ती त्या रात्री आमच्याकडंच झोपली होती. तिच्या टाचांमागं काहीच नव्हतं.

मी खडे पायानं उडवले. संध्याकाळी आप्पांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा "बघते" म्हणाले. मंगळवारी खडे सुपारीएवढे होते.

आज शुक्रवार. कोर्टाची तारीख सोमवारी आहे. काल रात्री वकिलांनी कागद पाठवलाय, त्यावर माझी सही तेवढी राहिली आहे. मी अजून नाही म्हटलेलं नाही.

आज सकाळी चपलांमागं होते ते दोन्ही दगड मी एकेक करून अंगणात नेले. एकेकाला दोन हात लावावे लागले, आणि दोन्ही गरम होते.