अंगठ्याची खाच

केशव पियानो सुरात लावायला सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात पोचला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. साल चौऱ्याहत्तर, मे महिना. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

दार पुष्पलताबाईंनीच उघडलं. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या बाई; काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. दिवाणखान्यात वाळ्याचे ओले पडदे सोडले होते. आत अंधार, गारवा आणि भिजल्या मुळांचा वास.

केशवनं पिशवी उघडली. तारा दाबून धरायच्या लोकरी नमद्याच्या पाचरी, सुया, स्वरकाटा, सगळं त्याचं स्वतःचं. चावी मात्र त्याच्या उस्तादांची, धोंडबांची; हा पियानोही आधी तेच लावायचे. तारेचा खुंटा पिळायची ती पोलादी चावी, शिसवी मुठीची, धोंडबांनी हातानं घडवलेली; मुठीवर त्यांच्या रुंद अंगठ्याची खाच. त्यांच्या हाताखाली केशवनं बारा वर्षं काढली होती. उस्तादांचा नेम असा, की शिष्य तयार झाला म्हणजे मुठीवर त्याच्या अंगठ्याच्या मापाची खाच आपल्या कानशीनं घासायची. खाच पडली की चावी त्याची.

केशवसाठी ती खाच कधी पडलीच नाही. धोंडबांनी चावी लेकीसाठी, शामलासाठी ठेवली होती. तिचा कान आपल्यापेक्षा तिखट, हे केशवलाही ठाऊक होतं. पण धोंडबा वारले, आणि चौथ्या दिवशी केशवनं त्यांच्या बायकोला सांगितलं, "काकू, उस्तादानं चावी मले देली." कांताबाईंनी काढून दिली. शामला दारात उभी होती. दहा महिने झाले, ती घरी बसून विड्या वळत होती.

केशवनं चावी खुंट्यावर बसवली आणि पिळली.

खर्र... खर्र...

"बाई, पियानोत उंदीर झाले का?"

"उंदीर नाहीत." बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "तुम्ही आपलं काम करा."

त्यानं पुन्हा पिळली. आवाज जवळ आला, अगदी कोपरापाशी. लाकूड घासल्याचा वास आला, त्यात तंबाखूचा. धोंडबांच्या सदऱ्याला यायचा तसाच.

"बसा ना, धोंडबा," बाई हलकेच म्हणाल्या.

"बाई... मी केशव."

"तुम्हाला नाही म्हटलं. तुमच्या डावीकडे उभे आहेत ना... त्यांना म्हटलं."

डावीकडे कोणी नव्हतं. पडद्यातून पाणी ठिबकत होतं. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर काळपट भुसा सांडला होता. केशवनं तो पुसला. बघता बघता पुन्हा सांडला. मुठीवरचा अंगठा घसरला. धोंडबांची रुंद खाच गेली होती. तिच्या जागी अरुंद, नवी खाच होती, आणि त्याचा अंगठा तिच्यात बसेना.

काम अर्धं टाकून त्यानं पियानो मिटला. मागून बाई म्हणाल्या, "त्यांचं घासणं अजून संपलं नाही हो..."

भर उन्हात त्यानं इंदोऱ्याला धोंडबांच्या घरापर्यंत सायकल हाणली. रस्ताभर घोकलं, सगळं खरं सांगायचं. शामला ओसरीत विड्या वळत होती.

"घे वं शामले. तुही चावी."

तिनं हात पुसले, मूठ धरली. अंगठा खाचेत अलगद बसला.

"हे खाच तं माह्या मापाची हाय. कोनं घासली, केशवभाऊ?"

दारात कांताबाई येऊन उभ्या राहिल्या. दोघी त्याच्याकडे पाहत होत्या.

"म्या. उस्तादानं जाता जाता सांगतलं होतं... इतके दिवस तेच करून राहिलो होतो."

"भला मानूस हायेस गा तू," कांताबाई म्हणाल्या.

शामलाचे डोळे भरले. "आन् मी तुले चोर समजून राहिली होती." तिनं उठून पाण्याचा लोटा आणून त्याच्या हातात दिला. चावी तिच्या दुसऱ्या हातात होती, स्थिर.

खर्र... खर्र...

शामलानं मान वर केली. "आई, कानस कोन चालवून राहिलं?"

"कुठं काय वं?"

केशवनं लोट्यात पाहिलं. काठावर त्याचा उजवा अंगठा होता. त्याच्या खाली, पाण्यावर, पांढरा बारीक भुसा पडत होता. अंगठा दुखत नव्हता.