बाहेर कुणीतरी बोलावतंय

"ही माझी खुर्ची आहे."

किमत्यानने वर पाहिलं. एक उंच तरुण तिकीट पुढे धरून उभा होता. खुर्चीचा नंबर बरोबर होता, तारीख मात्र कालची.

"हे कालचं तिकीट आहे."

"माहितेय. आजचंही आहे खिशात. पण मग बोलायला निमित्त कुठून आणू?"

अशी ओळख झाली. मग दर बुधवारी, ताइनानच्या त्या जुन्या थिएटरात, दुपारचा खेळ. दोघांच्या मधे एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर कलिंगडाच्या भाजलेल्या बियांची पुडी. एकाच वेळी हात पुडीत गेले की दोघेही पडद्याकडे बघत राहायचे.

किमत्यान घड्याळं दुरुस्त करायचा. हे त्याने बोलता बोलता सांगितलं होतं, नाव मात्र फक्त 'आ-त्यान', घरगुती हाक; दुसऱ्याने 'आ-हाय'. पुढचं कुणी विचारलं नाही. न विचारण्यातच दोघांचं भलं होतं. गेल्याच वर्षी किमत्यानच्या गल्लीतल्या एका मास्तरांना पोलिसांनी रात्री बागेतून, एका पुरुषासोबत असताना, उचललं होतं. पेपरात नाव आलं, घरचा पत्तासुद्धा. त्यांच्या आईने तेव्हापासून दार उघडणं सोडलं.

चौथ्या बुधवारच्या सिनेमात गालांना पावडर फासलेला एक पुरुष होता. रुमाल उडवत तो नायकाच्या मागे लागतो आणि नायक त्याला लाथ घालून तळ्यात पाडतो. थिएटर हसून लोळलं. सगळ्यात मोठ्याने आ-हाय हसला.

बाहेर आल्यावर किमत्यान म्हणाला, "एवढं हसू आलं?"

"सगळे हसत होते. न हसणारा उठून दिसतो."

"मी नाही हसलो."

"बघितलं मी. म्हणून तर तुझ्या वाटचंही हसलो."

किमत्यान तिथूनच वळून निघून गेला. पुढच्या बुधवारी आ-हाय आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या बुधवारी सिनेमा चालू असताना पडद्याशेजारच्या पट्टीवर हाताने लिहिलेली अक्षरं उजळली. कुणाला निरोप असला की असंच बोलावत.

'लिम किमत्यान, बाहेर कुणीतरी बोलावतंय.'

इथे येतो हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. इथल्या कुणाला त्याचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. मग कोण... थोरला भाऊ? पोलीस?

अक्षरं पुन्हा उजळली. तो उठला.

तिकीटखिडकीपाशी, उन्हात, आ-हाय उभा होता. शर्ट घामाने भिजलेला.

"तू? नाव कुठून कळलं?"

"घड्याळवाल्यांची दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानात काचेआड दिसलास. नाव पाटीवर होतं."

"वेडा आहेस का? सगळ्यांसमोर नाव लावलंस. मला वाटलं, पोलीस न्यायलाच आले."

"आत यायचा धीर होईना. तू उठून गेला असतास तर..."

"हात बघ माझे. अजून थरथरतायत."

"माझेही. खिडकीवरच्याने विचारलं, कोण बोलावतंय? माझी तर वाचाच बसली. मग म्हणालो... घरचं माणूस."

किमत्यानने आजूबाजूला पाहिलं. रस्त्यापलीकडे एक पोलीस सायकल टेकवून सिगारेट ओढत होता.

"तू पुढे हो," किमत्यान हळूच म्हणाला. "दहा पावलं अंतर ठेव. मागे बघू नकोस... मी येतोय."